चार डिस्क म्हणजे चार प्रती नव्हेत



आज थोडं भांडायचं आहे. भांडण माणसाशी नाही, एका वाक्याशी आहे. गेली दोन-तीन वर्षं हे वाक्य आपल्या नात्यागोत्यात फार ऐकू येतं: "काकू, चार डिस्कची पेटी बसवलीय, रेड फाइव्ह केलंय, आता काही जात नाही." म्हणणारा कुणाचा भाचा असतो, कुणाचा जावई. पुण्याला कंपनीत असतो आणि मनाने चांगला असतो. ऐकणाऱ्या आपण 'रेड' या शब्दालाच दबतो आणि चहा टाकायला उठतो.

माझं म्हणणं, उठू नका. हे वाक्य खोटं आहे, आणि त्याची किंमत भाचा मोजत नाही, घर मोजतं.

पेटी म्हणजे घरातला साठवणीचा सर्व्हर, 'नॅस' म्हणतात तो. मिक्सरएवढा डबा राउटरशेजारी ठेवायचा, सगळ्यांच्या मोबाइलमधले फोटो आपोआप त्यात जमा होतात. कल्पना उत्तम आहे, माझा विरोध पेटीला नाही. पण त्या पेटीत आज काय काय जातंय ते बघा. शेताचे सातबारे, फेरफार, वाटणीपत्रं. लग्नांचे अल्बम. कुंथलगिरीच्या यात्रेचे फोटो. महाराजांच्या प्रवचनांची रेकॉर्डिंग. सासूबाईंच्या आवाजातलं भक्तामर. आजेसासूबाईंच्या हातची, चातुर्मासातल्या पदार्थांची वही, पान पान स्कॅन केलेली. यातलं निम्मं पुन्हा कुठल्याच दुकानात मिळणार नाही. तेव्हा डिस्कची मांडणी कशी असावी हा भाच्याचा प्रश्न नाही, तो आपला आहे.

मी बी.कॉम. आहे, इंजिनियर नाही. पण हा प्रश्न इंजिनियरिंगचा कमी आणि खतावणीचा जास्त आहे.

बेरीज आणि प्रत

रेड म्हणजे धाड नव्हे. अनेक डिस्क मिळून एकच मोठी डिस्क असल्यासारखं काम करायची ती रीत आहे. तिचे प्रकार हिशोबाच्या भाषेत सांगते.

रेड ० म्हणजे खातेवही फाडून सम पानं एका कपाटात आणि विषम पानं दुसऱ्या कपाटात ठेवायची. काम भरभर होतं, पण एक कपाट गेलं की वही गेली. घरात हा प्रकार नको म्हणजे नको.

रेड १ म्हणजे कार्बन पेपर. एका डिस्कवर लिहिलं की त्याच क्षणी दुसऱ्या डिस्कवरही उमटतं. यालाच मिरर म्हणतात.

रेड ५ म्हणजे एका ओळीत तीन रकमा आणि चौथ्या रकान्यात त्यांची बेरीज. एखादी रक्कम पुसली गेली तर बेरजेतून उरलेल्या दोन वजा करायच्या, पुसलेली सापडते. युक्ती सुरेख आहे, पण दोन रकमा पुसल्या तर बेरीज हातात धरून बसायचं. रेड ६ मध्ये दोन वेगळ्या तऱ्हेच्या बेरजा असतात, म्हणून दोन डिस्क गेल्या तरी निभावतं. रेड १० म्हणजे कार्बनच्या दोन जोड्या.

चार-चार टीबीच्या चार डिस्क घेतल्या तर रेड ० मध्ये १६ टीबी जागा मिळते, रेड ५ मध्ये १२, रेड ६ आणि रेड १० मध्ये ८. भाच्याला १२ चा आकडा आवडतो. "रेड ५ मध्ये एकच डिस्क वाया जाते, काकू." आपल्यालाही काटकसरीचा आकडा आवडतो, म्हणून गोष्ट पटते.

पण रेड ५ मध्ये तुमच्या सासूबाईंच्या भक्तामराची एकच प्रत असते. ती चारही डिस्कवर तुकड्या-तुकड्यांनी पसरलेली, आणि सोबत बेरीज. बेरीज ही प्रत नव्हे. त्यातली कुठलीही एक डिस्क काढून लॅपटॉपला लावा, पूर्ण गाणं सोडा, एक ओळही धड निघणार नाही. चार डिस्कचे पैसे गेले आणि प्रती झाल्या, मोजा, एक.

ज्याच्यासाठी केलं ते वेगळं होतं

'रेड' हे नाव १९८८ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठातल्या पॅटर्सन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांच्या लेखातून आलं. तेव्हा मोठ्या संगणकांच्या डिस्क फार महाग असत. त्याऐवजी बऱ्याच स्वस्त डिस्क एकत्र लावायच्या, आणि त्यातली एखादी बंद पडली तरी काम थांबू द्यायचं नाही, असा तो विचार. बँकेची खिडकी किंवा रेल्वेचं आरक्षण तासभरही बंद ठेवता येत नाही. तिथे रेड हवंच.

आपल्या घराला ही गरज आहे का? पेटी चार दिवस बंद राहिली तर काय बिघडतं? फोटो चार दिवसांनी बघू. घराला खंड चालतो, नाश चालत नाही. रेडने खंड टळतो. नाश टाळायला प्रत लागते. हे दोन वेगळे खर्च आहेत, आणि भाचा एकाचं बिल दाखवून दुसरा झाला म्हणतो.

आपल्याकडे फाइली कशाकशाने जातात ते बघा. डिस्क आपोआप बिघडते, हे एक कारण. नातू खेळता खेळता फोल्डर पुसतो, हे दुसरं. व्हायरस शिरून सगळ्या फाइलींना कुलूप लावतो आणि पैसे मागतो, हे तिसरं. वळवाच्या पावसात वीज पडते, हे चौथं. चोर पेटीच उचलून नेतो, हे पाचवं. घराला आग लागते किंवा घर पडतं, हे सहावं. रेडचा कुठलाही प्रकार यातल्या फार तर पहिल्यावर उपाय आहे. पुसलेलं फोल्डर कार्बनवरही त्याच क्षणी पुसलं जातं, व्हायरसचं कुलूप बेरजेलाही लागतं. नव्या पेट्यांमध्ये 'स्नॅपशॉट' नावाची सोय असते, कालची स्थिती धरून ठेवणारी. नातवावर ती चालते, पण ती असते त्याच डिस्कवर, त्याच डब्यात. डबा गेला की तीही गेली.

आमच्या नात्यातल्या एका घरी हेच झालं. चार डिस्क, रेड ५, सगळं नवं. मे महिन्यात विजा कडकडल्या, दाब वरखाली झाला, आणि एका रात्रीत दोन डिस्क गेल्या. उरलेल्या दोन धडधाकट डिस्क घेऊन ते पुण्यापर्यंत जाऊन आले. परत आले ते रिकाम्या हाताने. नवीन फोटो नातेवाइकांच्या मोबाइलवरून थोडे गोळा झाले. गेलेल्या सासूबाईंचा आवाज कुणाकडेच नव्हता.

दुरुस्तीचा दिवस

भाचा म्हणेल, दोन डिस्क एकदम जाणं हा योगायोग. तर मग एकच गेली असं धरू. नवी डिस्क लावायची आणि पेटीने वजाबाक्या करून ती भरायची. यासाठी उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या कोपऱ्यापासून शेवटच्या कोपऱ्यापर्यंत वाचाव्या लागतात. सेकंदाला १५० एमबी वेग धरला तर ४ टीबीची डिस्क भरायला साडेसात तासांच्या आसपास लागतात, तेही पेटी दुसरं काही करत नसेल तर. प्रत्यक्षात दिवस जातो. हे तास सगळ्यात धोक्याचे असतात, कारण एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून घेतलेल्या त्या चारही डिस्कचं वय सारखं आणि झीज सारखी. त्यात आपल्याकडची वीज. लिहिता लिहिता ती गेली तर रक्कम नवी आणि बेरीज जुनी, असं अर्धवट राहू शकतं.

आणखी एक आकडा. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की वाचता न येणारी चूक १० वर १४ वा घात इतक्या बिटांत एकाहून जास्त नाही. हे गणित सुमारे १२.५ टीबीला येतं. तीन डिस्क मिळून दुरुस्तीला वाचायचे आहेत १२ टीबी. प्रत्यक्षात डिस्क माहितीपत्रकाहून बऱ्या वागतात, घाबरवायचा माझा हेतू नाही. पण अंदाजपत्रक इतकं काठाला आलेलं असेल तर कुठलाही हिशोबनीस राखीव रक्कम मागेल. ती राखीव रक्कम म्हणजे बाहेरची प्रत.

दुसऱ्या गावी

प्रत दुसऱ्या घरी हवी, दुसऱ्या गावी असेल तर उत्तम. हे आपल्या जिल्ह्याला सांगायला लागू नये. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशी आदल्या दिवशी झालेली, पहाटेचे चार वाजायला आलेले. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं दगडमातीच्या जाड भिंतींखाली गेली. माणसं गेली त्यापुढे कागदांचं दुःख काय, पण जे वाचले त्यांना पुढे आयुष्यभर कागद लागले. आपण कोण, आपली जमीन कुठली, घर कुठे होतं, हे सिद्ध करायला. ज्या कागदाची दुसरी प्रत तालुक्याला किंवा पाहुण्यांकडे होती, तो कागद उरला. तशा रात्री राउटरशेजारच्या पेटीत चार डिस्क आहेत की चाळीस, याला अर्थ नाही.

आणि आपल्या समाजाला तर हे मुळीच शिकवावं लागू नये. धवला, जयधवला, महाधवला या सिद्धांतग्रंथांची ताडपत्रं शतकानुशतकं एकाच ठिकाणी होती, मूडबिद्रीला. दर्शन व्हायचं, वाचन नाही. पहारा चोख होता, पण वाळवीला पहारा कळत नाही. सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांनी पुढाकार घेतला आणि १८९६ च्या सुमाराला नकला करायचं काम सुरू झालं, ते २५ वर्षांहून जास्त चाललं. त्या काळात गजपती शास्त्री आणि त्यांची पत्नी लक्ष्मीबाई यांनी गुपचूप आणखी एक कन्नड नक्कल केली. ती सहारनपूरला लाला जंबूप्रसादांकडे गेली, तिथून पुढे नकलांच्या नकला झाल्या, आणि १९३९ साली अमरावतीहून डॉ. हीरालाल जैन यांनी धवलेचा पहिला खंड छापला. आज आपल्या मंदिराच्या कपाटात ते खंड आहेत ते पहाऱ्यामुळे नाहीत, नकलेमुळे आहेत. १९५५ साली ज्यांनी आपल्या कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली, त्या आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने हेच ग्रंथ ताम्रपटांवर कोरले गेले आणि फलटणला ठेवले गेले. म्हणजे वेगळं गाव आणि वेगळा पदार्थही.

त्याच्याही हजार वर्षं आधी कर्नाटकात दानचिंतामणी अत्तिमब्बे होऊन गेली. कवी पोन्नाचं शांतिपुराण टिकावं म्हणून तिने एक भक्कम पोथी करून पेटीत कुलूपबंद केली नाही. तिने एक हजार प्रती लिहवून घेतल्या आणि वाटल्या. आज छायाचित्रकार पीटर क्रोग यांचा ३-२-१ नियम जगभर सांगतात: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. त्यातला 'दुसऱ्या जागी' हा भाग आपल्याकडे शास्त्रदान म्हणून आधीपासून होता.

माझी मांडणी

आधी गरज मोजा. एक फोटो ४ एमबी धरा, ५०,००० फोटोंचे २०० जीबी. व्हिडिओ मिनिटाला १०० एमबी धरा, १०० तासांचे ६०० जीबी. स्कॅन केलेली पानं ५,०००, एकेक एमबीची, ५ जीबी. एकूण ८०५ जीबी, म्हणजे एक टीबीसुद्धा नाही. मग १२ टीबी कशाला? सकाळी येणारे गुलाबाच्या फुलांचे शुभेच्छा संदेश साठवायला? परिग्रहाचं परिमाण आपण धान्याला आणि दागिन्यांना लावतो, तेच इथेही लावा. आधी निवडा, मग साठवा.

आता त्याच चार डिस्क वेगळ्या लावा. पेटी दोनच डिस्कची घ्या, त्यात दोन डिस्क मिररला. उरलेल्या दोन बाहेरच्या, केबलने जोडायच्या. महिन्यातून एकदा एक डिस्क जोडायची, नक्कल करायची, काढून कपाटात ठेवायची. काढून, कारण जोडलेल्या डिस्कपर्यंत वीजही पोचते आणि व्हायरसही. दुसरी डिस्क माहेरी. दिवाळीला जाताना घरची न्यायची, तिकडची आणायची. पंचमीला पुन्हा बदलायची. माहेर त्याच गल्लीत असेल तर लेकीकडे, सोलापूरला, लातूरला, जिथे असेल तिथे. जागा मिळाली ४ टीबी, गरजेच्या जवळजवळ पाचपट. आणि कुठलीही एक डिस्क, एक घर, एक गाव गेलं तरी गोष्ट उरते. पैसे भाच्याच्या बिलाएवढेच, उलट पेटी लहान म्हणून थोडे कमीच.

पैसे आणखी कमी असतील तर पेटीत एकच डिस्क ठेवा आणि दोन बाहेर. मिररशिवाय घर चालेल, बाहेरच्या प्रतीशिवाय नाही.

मिररच्या दोन डिस्क एकाच खोक्यातल्या घेऊ नका. दुकानदाराला 'सीएमआर आहे का' एवढं विचारा. २०२० साली वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठी विकल्या जाणाऱ्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क न सांगता दुसऱ्या, 'एसएमआर' पद्धतीच्या निघाल्या होत्या. पुन्हा भरताना त्या फार रखडतात. पेटी आणि राउटर दोन्ही यूपीएसवर घ्या.

उलट प्रश्न

"क्लाऊड आहे ना?" आहे, आणि सातबारे, दाखले, निवडक फोटो तिथेही ठेवा. पण फुकटची जागा मर्यादित. गूगल फोटोजची फुकट अमर्याद साठवण १ जून २०२१ ला बंद झाली. भाडं दर महिन्याला भरायचं, आणि भरणारा माणूस गेला, त्याच्या मोबाइलचा नंबर बंद पडला, तर खातं उघडायचं कसं?

"माहेरी आपले कागद, भावजय काय म्हणेल?" डिस्कला पासवर्ड लावा. मात्र तो वहीत लिहून ठेवा, डोक्यात नाही.

"मोठ्या पेट्या मग कुणी घ्याव्यात?" लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्याने, ज्याचं काम एक दिवस थांबलं तर गिऱ्हाईक जातं. त्याने रेड ६ किंवा १० करावं, आणि बाहेरची प्रत त्यालाही चुकत नाही.

"आपल्याला यातलं काय कळतं, मुलगा बघेल." या वाक्याचा मला सगळ्यात राग येतो. मुलगा बंगळुरूला आहे, जावई दुबईला. पेटीचा पासवर्ड त्यांच्या मोबाइलमध्ये आणि पेटी आपल्या दिवाणखान्यात. घरातला कर्ता अचानक जातो तेव्हा कागद कोण शोधतं? आपण. तेराव्या दिवसानंतर बँकेत, तलाठ्याकडे कोण बसतं? आपण. मग किल्ली आपल्याच कमरेला हवी. बाहेरच्या डिस्कवर नक्कल अशी करून घ्या की ती कुठल्याही लॅपटॉपला लावली की फोल्डर दिसावेत, आणि ते तुम्ही स्वतः उघडून बघा. भाच्याला सांगा, "तू बसव, पण मला उघडून दाखव. आणि आता तू बाजूला हो, मी उघडते."

न तपासलेली प्रत ही प्रत नसते. त्यासाठी वेगळा दिवस शोधायला नको, श्रुतपंचमी आहे. त्या दिवशी आपण ग्रंथांना ऊन दाखवतो, धूळ पुसतो, नवी वेष्टनं शिवतो. तेव्हाच कपाटातली डिस्कही काढा, दहा फाइली उघडा, एखादं प्रवचन पाच मिनिटं ऐका, एखादा सातबारा वाचून बघा. उघडलं तर पेन्सिलने वहीत तारीख टाका. नाही उघडलं तर त्याच दिवशी नवी डिस्क मागवा, पुढच्या वर्षावर ढकलू नका.

ज्यांच्याकडे चार डिस्कची पेटी आधीच आहे त्यांनी ती फेकू नये. एक बाहेरची डिस्क घ्या, आठवड्याभरात नक्कल करा आणि पुढच्या फेरीला माहेरी घेऊन जा. भाच्याला हा लेख वाचायला द्या. तो वाद घालायला आला तर चहा पाजा, आणि एवढंच विचारा: "पेटी चोरीला गेली, तर आजींचं भक्तामर मी कुठून ऐकू?" त्याने दुसऱ्या घराचं नाव सांगितलं तर तो जिंकला. रेडचा नंबर सांगितला तर नाही.

जय जिनेंद्र.